टपावर काय जाणार

व्हीलचेअरचं माप घ्यायला घरात माझ्याशिवाय दुसरं कोण होतं? टेप सदा माझ्याच गळ्यात. वीस वर्षं झाली, पुढच्या खोलीत मशीन टाकून मी बायकांचे कपडे शिवते. शिकवलं कुणी नाही, जुने कपडे उसवून उसवून शिकले. तर मी सासूबाईंच्या खुर्चीची घडी केली, लांबी-रुंदी मोजली आणि आकडे नवऱ्याच्या वहीत लिहून दिले.

ही वही खास गाडीच्या टपावरच्या रॅकसाठी उघडली होती. येत्या शनिवारी आम्हाला सासूबाईंच्या धाकट्या बहिणीकडे जायचं होतं. सहा तासांचा रस्ता. दोघी बहिणी तीन वर्षांत भेटल्या नव्हत्या. रोज फोन चालायचा, पण एकीला ऐकू येत नाही आणि दुसरी थांबत नाही, त्यामुळे बोलणं काही पुरं व्हायचं नाही. आमच्या व्हॅनमध्ये जागा सात आणि माणसंही सात: आम्ही दोघं, दोन मुलं, नणंद, तिचा नवरा आणि सासूबाई. सगळ्या सीट भरल्या की डिकीत बॅगा तरी मावतात, नाही तर खुर्ची तरी. बॅगा काय, वर्षानुवर्षं डिकीतच जातात. म्हणून खुर्ची टपावर, हे कुणी न ठरवताच ठरून गेलं.

नवऱ्याला कुठलीही वस्तू घ्यायची म्हणजे आधी तिच्यावर पीएचडी करावी लागते. आठवडाभर जेवताना तोच विषय.

"जाळीचा ट्रे घेतला तर सामान भिजतं. बंद पेटी घेतली तर ती चिंता नाही, पण उंची वाढते. नुसते आडवे दांडे घेतले तर सगळी भिस्त दोरीवर."

"दोरीवर वाळत घाल मला," सासूबाई म्हणाल्या.

"आई, तुला नाही, खुर्चीला."

"तेच ते."

बुधवारी त्याने वही मिटली. "जमत नाही. पेटीत खुर्ची दीड इंचाने अडते. त्याहून मोठी पेटी घेतली तर मागचं दार उघडताना तिच्यावर आपटतं. आणि उघड्या ट्रेवर गादी भिजली तर आई बसणार कशावर?"

"मग मी राहते घरी," सासूबाई टीव्हीवरची नजर न काढता म्हणाल्या. "शेजारीण आहे, फ्रिज आहे. चार दिवसांचं काय एवढं?"

मला मात्र त्यांचा गाऊन आठवला. दोन आठवड्यांपूर्वी त्यांनी माझ्याकडून नवा गाऊन शिवून घेतला होता आणि तो चांगला ढगळ शिव म्हणाल्या होत्या. तुमच्या अंगावर पोतं दिसेल, असं मी सांगितलं, तर म्हणे, "सांगितलंय तेवढं कर." आता तो घालून जायचं तरी कुठे?

"हे वहीतलं राहू दे," मी नवऱ्याला म्हटलं. "खुर्ची घेऊन दुकानात जाऊ. गिऱ्हाईक समोर उभं केल्याशिवाय मी कापडाला कात्री लावत नाही."

गुरुवारी सकाळी आम्ही गाडीच्या सामानाच्या दुकानात गेलो. सासूबाई पुढच्या सीटवर, काच खाली करून. फिटर चांगला दणकट गृहस्थ, कानावर पेन्सिल. त्याने पोलादी टेपने खुर्ची मोजली, वहीत डोकावला, पुन्हा मोजली.

"ताई, हे माप कुणी घेतलं?"

"मी. का?"

"लांबीत दोन इंच जास्त, रुंदीतही दोन इंच जास्त."

माझे कान तापले. माप घेतलं की शिवणीचे दोन इंच मनातच मिळवून लिहायचे, ही माझ्या हाताची सवय. खुर्चीलाही मी शिवण ठेवली होती!

"नशीब, बाह्या नाही लावल्यास," नवरा म्हणाला. पण खूश झाला होता. "म्हणजे बसते की! चढवा हो पेटी."

फिटरने पेटी टपावर बसवली, दोघांनी मिळून खुर्ची आत आडवी घातली, पट्टे आवळले, झाकण लावलं, दोन्ही कुलपं फिरवली. नवऱ्याने असं वळून पाहिलं की जणू पेटीचा शोध त्यानेच लावलाय.

"झालं?" सासूबाईंनी खिडकीतून विचारलं. "मग आता काढा. मला बाथरूमला जायचंय."

"आत्ता?"

"अरे, सहा तासांच्या रस्त्यात मी 'आत्ता'च म्हणणार. 'उद्या' म्हणू का?"

पुन्हा स्टूल आलं. कुलपं, झाकण, पट्टे. खुर्ची खाली येऊन उघडेपर्यंत सात मिनिटं गेली. सासूबाई मनगटावरच्या घड्याळाकडे बघत बसल्या होत्या.

मी त्यांना ढकलत दुकानाच्या मागच्या बाजूला नेलं. बाथरूमच्या दाराशी त्या म्हणाल्या, "मला नाही जायचं. फिरव मागे."

"अहो आई!"

"म्हातारीला सात मिनिटं फार होतात, हे वहीत कुठे लिहिलं होतं?"

परत आलो तेव्हा फिटर नवऱ्याला सांगत होता, "आजींचं बरोबर आहे साहेब. टपावर ते ठेवायचं, जे मुक्कामी पोचल्याशिवाय लागत नाही."

नवऱ्याने वही पुन्हा चाळली. सगळी पानं खुर्चीने भरलेली. "पण बॅगांची मापं तर कुणीच घेतली नाहीत," तो म्हणाला.

"मी घेते."

"तू नको!" माय-लेक एका सुरात म्हणाले.

मापं फिटरने आमच्या घरी फोन करून विचारून घेतली. मुलीने ती पट्टीने मोजून सांगितली. मऊ बॅगा होत्या, त्याच पेटीत बसणार होत्या. खुर्ची डिकीत, दार उघडलं की हाताशी.

पेटीत पन्नास किलोच्या वर वजन ठेवायचं नाही, असं फिटरने बजावलं होतं. म्हणून दुपारी नवऱ्याने वजनकाटा हॉलमध्ये आणला आणि बॅगा आणा म्हणाला. कुणाचीच बॅग भरलेली नव्हती. मुलगा मात्र आजीच्या पलंगाखालून एक ओढत घेऊन आला, चेनसुद्धा लावलेली.

सात किलो आठशे ग्रॅम.

"आजी, तू कधी भरलीस?"

"असेल सोमवारी," सासूबाई म्हणाल्या.

चेन कोपऱ्यात थोडी उघडी राहिली होती. ती लावायला मी वाकले, तर वरच मी शिवलेला ढगळ गाऊन घडी करून ठेवलेला. आता कळलं. अंगाने भरलेल्या त्या धाकट्या बहिणीचं माप सासूबाईंनी मला न सांगता नुसत्या डोळ्यांनी घेतलं होतं, आणि तेही तीन वर्षांपूर्वीच्या आठवणीतून. मी चेन नीट लावली.

तोवर सासूबाई फोन कानाला लावून ओरडत होत्या, "शनिवारी येतेय! हो, हो, गाडीनेच! अगं, टपावर मी नाही... बॅगा! बॅगा टपावर!"