सैल फळी

"हलतेय का, बाबा?" सुनेने घोडीच्या पाठीवरूनच विचारलं.

"हलतेय."

"मग बरोबर आहे. हात काढा तिच्यावरून."

मिस्त्रींनी हात काढला. पण निरोप घेऊन झालेला पाहुणा उंबऱ्यात घुटमळतो, तशी त्यांची दोन बोटं फळीपाशी घुटमळलीच.

एकतीस वर्षं त्यांनी दाराखिडक्यांच्या कारखान्यात चौकटी केल्या होत्या. तिथे त्यांना सगळे 'गुण्या' म्हणत. सुतार काटकोन तपासतो त्या अवजाराचं हे नाव. ठेवणाऱ्याने टिंगल म्हणून ठेवलं आणि यांनी ते पदवीसारखं मिरवलं. त्यांच्या हातची चौकट हलते अशी तक्रार एकतीस वर्षांत एकदाच आली, आणि चौकशीअंती भिंतच खचलेली निघाली. असा माणूस आता घरामागच्या मैदानात उकिडवा बसून मुद्दाम हलणारी वस्तू करत होता. आयुष्यभर माणसांना मधून जायला वाट करून दिली, आता घोडीला वरून जायला करायची. त्यातही पथ्य एकच: खांब कसेही ठोका, पण वरची फळी खाचेत नुसती ठेवायची. घोडीचा पाय लागला की ती पडली पाहिजे.

सून घोडेस्वारीच्या शाळेत शिकवायची. महिन्याभराने क्रॉस-कंट्रीची, म्हणजे रानातले अडथळे ओलांडत घोडा पळवायची, स्पर्धा होती आणि तिथल्या वाटेवर चार अरुंद अडथळे होते. रुंद अडथळा घोडा ओलांडतो, कारण दुसरा इलाजच नसतो. अरुंद अडथळा म्हणजे कामाला बोलावलेल्या नातेवाइकासारखी गत. बगल द्यायला दोन्हीकडे रान मोकळं. घोडीने तीनदा बगल दिली की स्वार बाद. ती बाद झाली नाही, तर दूरच्या एका मोठ्या तबेल्यात सुनेला घोडीसकट कामावर घेणार होते. झाली, तर या वयातली फुटक्या नशिबाची घोडी कोण सांभाळणार, हे दोघांनाही माहीत होतं आणि दोघंही बोलत नव्हते.

घोडीचं नाव मावशी. कुणीही समोर आलं की नाकपुड्या फुगवून, 'एवढ्या उशिरा?' असं बघायची म्हणून मिस्त्रींच्या मुलाने ते ठेवलं होतं. घोडी मुलाची. दोन वर्षांपूर्वी याच मैदानात, अशाच अरुंद अडथळ्यापाशी तो तिच्यावरून पडला आणि दवाखान्यात पोचेपर्यंत संपला. घोडीने ऐन वेळी बगल दिली, मुलगा फेकला गेला, असं सगळे म्हणाले. मिस्त्रींनी त्याला मान डोलावली होती.

मान डोलावण्यात ते पहिल्यापासून हुशार. खरी गोष्ट त्यांनी कुणालाच सांगितली नव्हती. आदल्या संध्याकाळी वारा सुटला होता आणि मुलाने खाचेत ठेवलेली फळी खट, खट वाजत राहिली. "बाबा, ती तशीच राहू दे," असं मुलाने जेवताना दोनदा सांगितलं होतं. पण जित्याची खोड. हललेलं लाकूड मिस्त्रींना दुखऱ्या दाढेसारखं छळायचं. ते उठले, मैदानात गेले आणि फळीला दोन्ही टोकांना एकेक चार इंची खिळा मारून आले. सकाळी काढून टाकू, मनात म्हणाले. सकाळी मुलगा त्यांच्याआधी उठला.

घोडीने बगल दिलीच नव्हती. ती सरळ गेली, तिचे गुडघे फळीला लागले आणि फळी पडली नाही.

मिस्त्री रुग्णवाहिकेतून गेले ते तीन दिवसांनी मैदानात परतले. तेव्हा फळी खाली पडलेली होती, खिळे कुठेच नव्हते. धक्क्याने उपटले असतील, असं ते धरून चालले. शोधले मात्र नाहीत. आपलेच दात, आपलेच ओठ.

*

पहिले दहा दिवस बेताने गेले. मिस्त्रींनी तीन पिंपं आडवी ठेवली, त्यांच्या दोन्ही बाजूंना तिरपे बांबू टेकवून पंख केले, म्हणजे घोडीला नरसाळ्यातल्यासारखी मधोमधच वाट दिसावी. मावशी गेली. तिनाची दोन पिंपं झाली, दोनाचं एक. मग पंख थोडे थोडे दूर सरकवले, मग काढले. मावशी नाकपुड्या फुगवत गेली, पण गेली.

अडीच फूट लांबीची ही फळी लागली आणि ती डावीकडे वळली.

पहिल्यांदा सून हसली. दुसऱ्यांदा तिने लगाम आवळून बघितला. सहाव्यांदा तिने बोलणं बंद केलं. अडथळा मैदानाच्या दुसऱ्या टोकाला नेला, तोंड फिरवलं, फळी बदलली, रंग लावला. घोडी शेवटच्या तीन पावलांत डावीकडे सरायची आणि अडथळ्याच्या बाजूने, मान वाकडी करून, एखाद्याला वाट द्यावी तशी अदबीने निघून जायची.

कुंपणापलीकडे शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर होते. सकाळी दात घासायला ते कुंपणापाशीच यायचे, कारण त्यांच्या मते मोरीतून काहीच दिसत नाही.

"मिस्त्री, तुमची मावशी शिष्टाचार पाळते हो. कुणी उभं असावं तशी बाजूने जाते."

"तुम्ही चूळ भरा, मास्तर."

"भरतो की. पण सांगून ठेवतो, घाबरलेलं जनावर असं जात नाही. आमच्या टपालाच्या घोड्याला भीती वाटली की तो दरवेळी वेगळीकडे उधळायचा."

हे मिस्त्रींच्या मनात रुतलं. दुसऱ्या दिवशी धुकं होतं, जमीन ओली होती, खूर चांगले उमटले. सून घोडीला पाणी दाखवायला गेली तसे ते टेप घेऊन वाकले. अडथळ्याच्या डाव्या टोकापासून सगळ्यात जवळच्या खुरापर्यंत साडेअठरा इंच. पुढच्या फेरीला साडेअठरा. तिसऱ्या फेरीला टेप धरायच्या आधीच त्यांनी कानावरची पेन्सिल काढून फळकुटावर आकडा लिहिला आणि मग मोजलं. साडेअठरा.

जनावर एवढं काटेकोर नसतं. माणूसही नसतो. एकतीस वर्षांच्या नोकरीत एवढा नेमका असा एकच इसम त्यांनी पाहिला होता आणि तो म्हणजे ते स्वतः.

मग आकडा ओळखीचा वाटू लागला. दुपारभर तो त्यांच्या मागे मागे फिरला. संध्याकाळी ते हत्यारांच्या खोलीत गेले आणि त्यांनी दार आतून लोटलं. दाराच्या मागच्या बाजूला पेन्सिलीच्या रेघा होत्या. इतर बाप पोराची उंची मांडतात. मिस्त्री चौकटवाले, त्यांनी दर वाढदिवसाला उंचीबरोबर रुंदीही मांडली होती. खांद्यापासून खांद्यापर्यंत. शेवटची ओळ मुलाच्या एकविसाव्या वर्षाची, त्यानंतर त्याने दाराला टेकून उभं राहायला हसून नकार दिला होता. उंची पाच फूट नऊ. रुंदी साडेअठरा इंच.

मिस्त्री खाली बसले. नवा अडथळा दाखवायचा असला की मुलगा आधी घोडीला चालवत तिथे आणायचा, स्वतः अडथळ्याच्या डाव्या टोकाला चिकटून उभा राहायचा आणि तिला फळी हुंगू द्यायचा. बराच वेळ. "मावशी, ओळख करून घ्या," असं म्हणत.

घोडी अडथळ्याला भीत नव्हती. ती मुलासाठी जागा सोडत होती.

*

सकाळी सून खोगीर आवळत होती. मिस्त्री तिच्यासमोर येऊन उभे राहिले. कोपरी उलटी घातलेली होती.

"सूनबाई, आज चढू नकोस."

"का? बरं नाही का वाटत?"

"त्या दिवशी फळी ठोकलेली होती. मी ठोकली होती. वाजत होती म्हणून." एवढं बोलून त्यांनी तोंड मिटलं, आणि दोन वर्षं जे वाक्य घशात आडवं पडलं होतं ते एवढंसंच निघालं याचं त्यांनाच नवल वाटलं.

सुनेने पट्टा एक भोक पुढे ओढला. घोडीने पोट फुगवलं होतं. सुनेने तिला गुडघ्याने ढोसलं.

"मला माहीत आहे," ती म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"मी शाळेतून धावत आले तेव्हा तुम्ही त्याला घेऊन गेला होतात. मावशी लगाम ओढत फिरत होती, तिला धरायला आले. बघते तर फळी जागच्या जागी. तुमच्या हातचे खिळे मी ओळखणार नाही का? डोकं बरोबर लाकडाच्या पातळीत." तिने पट्टा अडकवला. "हातोडीने दोन्ही उपटले आणि फळी पाडून ठेवली. मास्तर यायच्या आत."

"तू... का?"

"वाटलं, हा शुद्धीवर आला की तुम्हाला जन्मभर चिडवेल. गुण्याने घात केला म्हणून. तेवढं वाचवावं." ती घोडीच्या मानेआड होती. "तो जाईल असं कुठे वाटलं होतं, बाबा."

धुक्यात घोडी फुरफुरली.

"दोन वर्षं काही म्हणाली नाहीस."

"तुम्ही म्हणाल म्हणून थांबले. रोज फळी हलतेय का विचारते, ते काय मला दिसत नाही म्हणून?" आता तिचा आवाज जरा चिरकला, मग लगेच ताळ्यावर आला. "रागही आला होता. अजून आहे. एखाद्या दिवशी जास्त असतो. आता बाजूला व्हा, उजाडलंय."

"नाही होत बाजूला," मिस्त्री म्हणाले. "मीच उभा राहतो तिथे. डाव्या हाताला."

त्यांनी तिला साडेअठराचा हिशेब सांगितला. सुनेने ऐकून घेतलं आणि दाराची ती मागची बाजू आठवत असावी तशी खोलीकडे एकदा बघितलं. हसली नाही.

"घोडी वळली तर तुमच्या अंगावर येईल."

"येऊ दे. मी हलणाऱ्यातला नाही."

ते जाऊन उभे राहिले. तोंड घोडीच्या वाटेकडे, फळी त्यांच्या डाव्या हाताला, वारा नव्हता. धुक्यातून आधी टापा आल्या, मग कान, मग सगळी मावशी. शेवटच्या तीन पावलांत तिने डावीकडे मान वळवली, मिस्त्रींकडे पाहिलं, मग मिस्त्री आणि फळी यांच्या मधल्या जागेकडे पाहिलं. कान पुढे झाले, ओळखीचं माणूस दिसल्यावर होतात तसे. आणि ती सरळ गेली. फळीला खूर लागला नाही.

पलीकडे सून थांबली, घोडीच्या मानेवर पालथी पडली आणि बराच वेळ तशीच राहिली. मग उठून म्हणाली, "बाबा, एवढे लांब का उभे होतात? चिकटून उभं राहायचं ना."

मिस्त्रींनी खाली पाहिलं. ते चिकटूनच उभे राहायला गेले होते, अशी त्यांची समजूत होती. त्यांचा डावा जोडा आणि फळीचं टोक यांच्यामध्ये ओल्या गवताची मोकळी पट्टी होती. टेप खिशात होता. त्यांनी तो काढला नाही.

*

पुढचे पंधरा दिवस मिस्त्री रोज एक पाऊल मागे सरकत गेले, आधी बांबूचे पंख सरकवले होते तसेच. शेवटी ते कुंपणापाशी पोचले, मास्तरांच्या चुळेच्या टप्प्यात, आणि घोडी एकटी सरळ जाऊ लागली. फळीची लांबी अडीचावरून दोन फुटांवर आली. स्पर्धेत सून सतराव्या क्रमांकावर आली. पण चारही अरुंद अडथळे स्वच्छ गेले, आणि मोठ्या तबेल्याला तेवढंच बघायचं होतं.

जायच्या दिवशी मावशी गाडीत चढायला लावलेल्या फळीशी अडली. तिने मागे वळून मैदानाकडे पाहिलं आणि बराच वेळ कान टवकारून उभी राहिली. "चला मावशी, ओळख झाली," सून म्हणाली, आणि ती चढली. सुनेने मिस्त्रींना वाकून नमस्कार केला, थंडीत बनियनवर बाहेर पडू नका म्हणून बजावलं आणि हत्यारांच्या खोलीत एक लहान डबी ठेवून गेली. मिस्त्रींनी ती उघडली नाही. नुसती हलवली. आत दोन वस्तू वाजल्या.

आता मैदानात एकच अडथळा उरला आहे. "मोडा की तो, जळणाला होईल," असं मास्तर म्हणतात. शिवाय, "हल्ली मैदानातून वाकडे का चालता हो?" असंही विचारतात. मिस्त्री म्हणतात, गुडघा.

सकाळी ते चहाचा पेला घेऊन तिकडे जातात. एके दिवशी हवा पडलेली होती, झाडाचं पान हलत नव्हतं. अडथळ्याजवळ येताच ते नेहमीप्रमाणे डावीकडे सरले, मधली जागा सोडून उभे राहिले आणि पेला ओठाला लावला. तेवढ्यात फळी वाजली. खट. जरा थांबून पुन्हा, खट. कुणी हाताने सहज तपासून बघावी तशी.

मिस्त्रींनी पेला खाली घेतला.

"हलतेय," ते हळूच म्हणाले. "राहू दे तशीच."