रांगेचा खांब आणि अल्विनचा पगार

मी रांगेचा खांब बोलतोय. हसू नका! दोन खांबांना लाल दोर बांधून माणसांना ओळीत उभं करतात ना, त्यातलाच मी एक. अंगानं पितळी, डोक्यानं टकला. आणि इंग्लंडात माझा शब्द पोलिसापेक्षा जास्त चालतो.

जन्म बर्मिंगहॅमच्या कारखान्यातला. तारुण्य नाटकगृहाच्या दारात गेलं. काय तो थाट होता महाराजा! पुढे नाटकगृह बंद पडलं आणि लिलावात मला यॉर्कशरमधल्या एका रोपवाटिकेच्या मालकानं उचललं. हेबलथ्वेट त्याचं नाव. कुठे ते मखमली पडदे, आणि कुठे या शेणखताच्या गोण्या! पण नशिबापुढे कुणाचं चाललंय?

इथल्या माणसांची एक खोड सांगतो. कुठेही एक खांब आणि खांबाशी उभं एक माणूस दिसलं, की हे मुकाट्यानं त्याच्या मागे उभे राहतात. पुढे काय मिळतंय हे विचारणं म्हणजे आगाऊपणा.

तर या रोपवाटिकेत अल्विन पिकल्स कामाला आला. चांगला तिशीचा गडी. जन्मापासूनच त्याला शिकायला जड जायचं. वाचता येत नव्हतं, हिशेबाचं नाव काढलं की घाम फुटायचा. पण एकदा काम हाताला बसलं की बसलं. आजवर तो पुष्कळ दुकानांत फुकट राबला होता. सगळे पाठ थोपटायचे आणि म्हणायचे, "अनुभव मिळतोय!" पगार कुणी देईना. इथेही हेबलथ्वेट म्हणाला होता, "महिनाभर बघू, मग ठरवू."

अल्विनबरोबर बर्नाडेट यायची. अशा माणसांना चारचौघांसारखी पगाराची नोकरी मिळवून द्यायची आणि काम जमेपर्यंत पाठीशी उभं राहायचं, हाच तिचा धंदा. तिनं आधी स्वतः गोण्या रचल्या, मग अल्विनला एकेक पायरी शिकवली. आणि मग तिच्या धंद्यातला नियम, हळूहळू मागे सरकायचं. आधी ती त्याच्या कोपराशी असायची. मग गुलाबांपलीकडे गेली. मग पामच्या झाडामागे इतकी निश्चल उभी राहायला लागली, की एका आजोबांनी तिच्या टोपीवर किंमत शोधली.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी अल्विननं मला पुसायला मागच्या अंगणात नेलं, घासून लख्ख केलं आणि वाळत ठेवून तो गोण्या आणायला गेला. त्याच्यावर नजर ठेवत बर्नाडेट मागे सरकली, आणखी सरकली, आणि नेमकी माझ्यापाशी येऊन थांबली.

झालं! मिसेस ऑग्डन नावाच्या आजीबाई जिरेनियमच्या कुंड्या घेऊन तिच्या मागे उभ्या राहिल्या. त्यांच्यामागे एक जोडपं, त्यांच्यामागे पाद्री. बघता बघता रांग अंगणातून दुकानात शिरली आणि गल्ल्यासमोरून दारापर्यंत गेली. गल्ल्यावर मात्र चिटपाखरू नाही. कुणीतरी थर्मास उघडून चहासुद्धा ओतला. बर्नाडेटला पत्ताच नव्हता. तिनं पाय बदलला, की सगळे समाधानानं अर्धं पाऊल पुढे यायचे.

हेबलथ्वेट धावत आला. शेवटच्या बाईंना म्हणाला, "अहो, ही रांग कशाची?"

"कल्पना नाही," बाई म्हणाल्या, "पण हलतेय बरं का छान."

आता स्वतःच्या दुकानात का होईना, रांग मोडून पुढे घुसायचं कसं? बिचारा शेपटाला उभा राहिला!

तेवढ्यात अल्विन गोण्यांची गाडी ढकलत आला. तो तडक पुढे गेला.

"बर्नाडेट, वाटेत उभी आहेस तू. घरी जा."

"नक्की?"

"नक्की. माझं मला येतं."

बर्नाडेटचे डोळे भरून आले. हेच ऐकण्यासाठी तर ती महिनाभर झाडांमागे लपत होती. ती दाराबाहेर उभ्या गाड्यांच्या दिशेनं चालू लागली आणि अख्खी रांग तिच्या मागे निघाली! अल्विननं मला काखोटीला मारलं आणि गल्ल्याशी नेऊन ठेवलं. रांग वळली. मिसेस ऑग्डन पुन्हा पहिल्या.

"शाबास अल्विन!" हेबलथ्वेट शेपटाकडून ओरडला. "असाच येत राहा आणखी सहा महिने! पगाराचं पुढे बघू. अरे, अनुभव केवढा मिळतोय तुला!"

अल्विनचा चेहरा उतरला. दारापाशी बर्नाडेट थबकली, एक पाऊल पुढे आली, आणि नियम आठवून पुन्हा मागे सरकली. मला असा राग आला, की हात असते तर गोणीच फेकून मारली असती.

"अनुभव माझ्याकडे खूप आहे," अल्विन म्हणाला. "ठेवायला जागा नाही. मला पगार पाहिजे."

मिसेस ऑग्डननी कुंड्या खाली ठेवल्या. "म्हणजे? याला पगार नाही?" आणि त्या म्हणाल्या, "च्च."

मागचं जोडपं म्हणालं, "च्च." पाद्री म्हणाला, "च्च." ते च्चच्च थेट दारापर्यंत गेलं. तुम्हाला काय वाटायचं ते वाटो, या देशात याला दंगल म्हणतात. कुणी पैसे काढेना, कुणी हलेना. हेबलथ्वेटचे कान लालभडक झाले.

"सोमवारपासून," तो पुटपुटला. "बाकीच्यांइतकाच पगार."

"मोठ्यानं सांगा," मिसेस ऑग्डन म्हणाल्या, "मला कमी ऐकू येतं."

त्यानं मोठ्यानं सांगितलं. मग रांग हलली.

आता मी म्हातारा झालोय. बूड चेपलंय, दोराचे धागे निघालेत. बर्नाडेट इथे येत नाही, दुसऱ्या कुणाच्या तरी मागे कुठल्या झाडाआड उभी असेल. जाता जाता एकच मागणं आहे माझं. वर्षानुवर्षं रांगेत उभा असलेला कुणी दिसला, तर त्याला पुन्हा शेपटाला धाडू नका.

हां, एक सांगायचं राहिलंच. पहिला पगार झाला त्या दिवशी अल्विन नुसता धुमसत होता. येईल त्या गिऱ्हाइकाला सांगत होता, "सरकारनं माझ्या पगारातून कर कापला!"

"सगळ्यांचाच कापतात रे राजा," मिसेस ऑग्डन म्हणाल्या.

"हो ना," अल्विन म्हणाला, आणि तोंडभर हसला. "माझासुद्धा!"