दोन बोटं आखूड

मी सूर्यभानची उजवी मांडी बोलतेय. दोन बोटं आखूड आहे, पण म्हणून गप्प बसणाऱ्यांतली नाही.

माणसं हातांचं कौतुक करतात, चेहऱ्याचं तर विचारूच नका. मी धोतराखाली झाकलेली, माझं नाव कोण घेणार? पण अंगातलं सगळ्यात लांब हाड माझ्यात आहे. त्याचा वरचा गोळा खुब्याच्या खोबणीत फिरतो. पुढचे चार स्नायू गुडघा सरळ करतात, मागचे तीन तो वाकवतात. जांघेत बोट दाबून पाहा, मोठी रक्तवाहिनी उडताना कळेल.

सूर्यभान नांदगावचा. तिकडे अमेरिकेत लढाई पेटली आणि विलायतेचे व्यापारी आमच्या वऱ्हाडी कापसावर तुटून पडले. तेव्हा तो अमरावतीला कापसाचे बोरे, म्हणजे मोठाली पोती, तुडवायला लागला. तुळईला उंच टांगलेल्या बोऱ्यात उतरायचं, वरून कापूस पडत राहायचा, तो पायांनी दाबत दाबत वर यायचं. दिवसभर हेच. मी अशी घट्ट झाले की सूर्यभान कौतुकानं मला थाप मारायचा. मला भारी गर्व वाटायचा.

एकदा वजन वाढावं म्हणून मालकाच्या माणसांनी कापसात धोंडे दडवले. भार सोसेना, दोर तुटला. बोऱ्यासकट आम्ही खाली आदळलो आणि माझं हाड मधोमध मोडलं. मग माझ्याच स्नायूंनी दगा दिला. ते आखडले आणि मोडकी टोकं एकमेकांवर ओढून बसले.

छावणीतला गोरा डॉक्टर म्हणाला, मांडी कापावी लागेल. त्यानं करवतही काढली. मला भीतीपेक्षा संताप आला.

सूर्यभान तशा कळांतही ओरडला, "कापू नका! बहीण पोटुशी आहे माही. भाच्याचं जावळ कोनाच्या मांडीवर काढू?"

मग नांदगावहून हाडं बसवणारी म्हातारी माणिकबाई आली. तिनं मला चाचपलं.

"कापाले कावून घाई करून राहिले? मले दोन महिने द्या."

तिनं कापसाची गादी करून बांबूच्या कामट्या बांधल्या. बोऱ्यातून निघालेलाच एक धोंडा पायाला बांधून खाटेवरून खाली सोडला. त्या ओढीनं माझे आडमुठे स्नायू हळूहळू सैल झाले. मी रोज ठणकले, पण जुळले; तेवढी दोन बोटं आखूड राहिले.

पुढच्या वर्षी अकोल्याला जावळ होतं. बहिणीची, कौशल्येची सासू गोदाबाई सगळ्यांसमोर म्हणाली, "मोडक्या मांडीवर लेकराले बसवता? अपशकुन होते."

"माह्या भावाची मांडी आहे, आत्याबाई," कौशल्या म्हणाली. "माहा पोरगा तिथंच बसन."

सूर्यभान पाटावर बसला. गुडघा वाकेना. मागच्या तिन्ही स्नायूंना मी दम भरला, तेव्हा कुठे वाकला. कळ थेट कमरेत गेली. भाचा माझ्यावर बसला. वस्तरा लागताच त्यानं टाहो फोडला, लाथा झाडल्या, मला चिंब ओलं केलं. मी तसूभरही हलले नाही.

आता मला लंगडी म्हणणाऱ्यांनी खुशाल म्हणावं. थंडीत ठणकते, तेही कबूल. पण त्या करवतवाल्या डॉक्टरला आणि गोदाबाईंना माझा निरोप सांगा. कौशल्येला पुन्हा दिवस गेलेत. मांडी याच मामाची लागणार आहे.