शहाणा डावा हात

डॉ. आभाने दाखल्याचा कोरा कागद पुन्हा ड्रॉवरमध्ये टाकला आणि ड्रॉवर लावून घेतला. पालखीचा पुढचा डावा खांदा यंदा तुळशीरामांऐवजी महादेवकडे जाणार, हे तिथेच ठरलं. पण तुळशीरामांच्या मते असं काही झालेलंच नव्हतं, त्यामुळे आपणही ते झालं नाही असं धरून चालू.

तर, काहीच झालेलं नव्हतं, आणि तुळशीराम डाव्या हाताची बाही वर करून बसले होते.

"घे बाय. आता सुरुवात कर."

शेजारच्या खुर्चीत त्यांची सून समीक्षा भिंतीवरच्या हृदयाच्या चित्राकडे बघत होती. रोडपालीहून पनवेलला येताना रिक्षात तिने सासऱ्यांना तीनदा बजावलं होतं की डॉक्टरीणबाईंशी वाद घालायचा नाही. तिन्ही वेळा त्यांनी मान डोलावली होती.

गावदेवीच्या पालखीला पुढून डावा खांदा द्यायचा मान त्यांच्या घराकडे तीन पिढ्या होता. गेल्या वर्षी एक गृहस्थ चक्कर येऊन खाली बसले आणि त्यांच्यासोबत पालखीही बसली. तेव्हा गावकमिटीने ठराव केला: साठीपुढच्यांनी डॉक्टरचा दाखला आणावा, प्रेशरचा वरचा आकडा एकशे चाळीसच्या आत असावा, नसेल तर मान चुलतभावाकडे जावा. तुळशीरामांना सहासष्टावं लागलेलं, आणि चुलतभाऊ एकच, महादेव. ठराव मांडणाराही महादेवच.

डॉ. आभाने मघाशी दोन्ही हातांचं प्रेशर दोन-दोनदा घेतलं होतं. डावा एकशे सव्वीस. उजवा एकशे अडुसष्ट.

तुळशीरामांनी आधी मशीनवर शंका घेतली. मग उजव्या मनगटातलं सोन्याचं कडं दाखवून, एवढं वजन असल्यावर प्रेशर वाढणारच, असं समजावलं. मग दोघांची सरासरी धरा म्हणाले. सरासरी एकशे सत्तेचाळीस निघाली, तेव्हा ती सूचना त्यांनी मागे घेतली.

"पालखी कंच्या खांद्यावर असते?" त्यांनी विचारलं.

समीक्षा म्हणाली, "डाव्या."

"मग उजव्याचा संबंध काय? त्याला मी गर्दी सारायला नेतो."

डॉ. आभाने चष्मा काढून डोळे चोळले. वडिलांचा दवाखाना हाती घेऊन तिला दोनच महिने झाले होते. तुळशीरामांनी तिला आठवण करून दिली की तिचे वडील, डॉ. चारुदत्त, नऊ वर्षं डावाच हात धरत होते आणि आपलं कधी काही बिघडलं नाही. समीक्षाने पिशवीतून घरच्या प्रेशरच्या नोंदींची वही काढून टेबलावर ठेवली. नऊ वर्षांचे सगळे सोमवार, निळ्या पेनाने, तारीखवार. कुठेही एकशे तीसच्या वर नाही. हीच वही बघून चारुदत्त डॉक्टरांनी प्रेशरची गोळी अर्धी केली होती.

आभाने वही चाळली. मग तुळशीरामांची दोन्ही मनगटं एकाच वेळी धरून नाड्या ताडून पाहिल्या. नंतर तिने समीक्षाची बोटं आधी उजव्या नाडीवर ठेवली, मग डाव्या. डाव्या नाडीवर समीक्षाला दोनदा बोटं सरकवावी लागली.

"डाव्या हाताला रक्तच कमी पोचतंय, काका," आभा म्हणाली. "वर खांद्याजवळ रक्तवाहिनी अरुंद झाली असणार. म्हणून आकडा कमी येतो. तुमचं खरं प्रेशर उजव्या हाताचं. इतकी वर्षं तेच असणार. आता हृदय, मेंदू, पाय, सगळीकडच्या रक्तवाहिन्या तपासाव्या लागतील."

"म्हंजे आजारी कोन?"

"डावा."

तुळशीरामांनी बाही खाली केली. बटण उजव्या हाताने लावलं. मग त्यांनी डावा हात उचलून मांडीवर ठेवला, झोपलेलं मूल ठेवावं तसा.

समीक्षाने वही मागे उलटत पहिल्या पानापर्यंत नेली. घरी मशीन आलं त्या दिवसाच्या दोन ओळी होत्या. वरची दोन रेघा मारून खोडलेली, तरी वाचता येत होती: उजवा, १५८.

"हे मी खोडलं," ती म्हणाली.

"मीच सांगितलं व्हतं. उजवा तापट हाय म्हनलो."

बाहेर पुढचा पेशंट खोकला. आभाने दोन चिठ्ठ्या लिहिल्या, एक तपासणीची आणि एक पूर्ण गोळीची.

"कागद घे, समीक्षा. लिव."

"आण्णा, दाखला नाही मिळायचा."

"दाखला नको. गेला तो. अर्ज लिव."

तिने वहीचं शेवटचं पान फाडलं. तुळशीरामांनी तीस वर्षं भूसंपादनाच्या कचेऱ्यांत अर्ज दिले होते. अर्ज सांगताना त्यांची भाषा एकदम शुद्ध होई आणि नजर समोरच्या भिंतीवर जाई. आताही गेली.

"प्रति, माननीय डॉक्टरसाहेब. विषय: डाव्या हाताने दिलेल्या नोंदी रद्द करण्याबाबत. महोदया, उपरोक्त विषयान्वये विनंती करण्यात येते की, सदर हातावर विश्वास ठेवून काढलेली नऊ वर्षे विचारात घेण्यात येऊ नयेत, व अर्जदारास वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षापासून, दोन्ही हात धरून, नव्याने मोजण्यात यावे."