नेहमीचं टेबल

“आई, पायरी आहे,” मुलगा म्हणाला आणि आईने पाऊल उचललं. ते सपाट फरशीवरच आदळलं. पायरी तिच्यापुढे नव्हती, विहीणबाईंपुढे होती. मुलाने त्यांचा हात धरला होता. सासूलाही तो आईच म्हणायचा.

नदीकाठाने जुन्या गोदामांची रांग होती. पूर्वी इथे होड्यांमधून धान्याची पोती उतरत; वरच्या दारांशी लोखंडी कप्प्या अजून गंजत लटकल्या होत्या. आता खालच्या कमानींत टेबलं मांडली होती, शेगड्यांवर मासे भाजत होते आणि कोपऱ्यात दोघं वादक तारा जुळवत बसले होते. दिवस नुकताच मावळला होता, तरी घाम काही थांबत नव्हता.

“समोर दिव्यांची माळ लागलीय,” मुलगा सांगत होता. “आधी लाल, मग पिवळी. डावीकडे एक मोठी होडी आहे, तिच्यातच हॉटेल काढलंय.”

सांगत होता तो सासूला. आई दोन पावलं मागे चालत होती. दर रविवारी ती फोनवर विचारायची, कसं आहे रे तुमचं शहर? “ठीक आहे,” तो म्हणायचा. एवढंच.

सून नर्स होती. आठवडाभर तिची संध्याकाळची पाळी होती. विहीणबाई सहा महिन्यांपासून लेकीकडेच राहत होत्या. आई येऊन चार दिवस झाले होते, आणि या चार दिवसांत मुलाने सासूच्या हातात कितीदा नेऊन चहा दिला, ते तिला तोंडपाठ होतं. संध्याकाळ झाली की विहीणबाई खुर्चीवरून हलायच्यासुद्धा नाहीत.

कमानीखालच्या टेबलाशी वेटर हसून म्हणाला, “नेहमीचंच आणू ना?”

आईने पदर नीट केला. नेहमीचं. म्हणजे इथे कायमचं येणंजाणं होतं.

मासा आला. मुलाने एक तुकडा घेतला, बोटांनी चाचपत काटे काढले आणि तो सासूच्या ताटात ठेवला. पद्धत आईचीच होती: आधी मधला कणा, मग कडेचे बारीक. तो नऊ वर्षांचा होईपर्यंत तिने त्याला असंच भरवलं होतं. आईने आपला तुकडा काट्यांसकट तोंडात घातला आणि सावकाश चावत राहिली.

सुनेचा फोन आला तसा मुलगा उठून नदीच्या कठड्याशी गेला.

“विहीणबाई,” आई म्हणाली, “काटे सोसत नाहीत वाटतं तुम्हाला?”

“सोसतात हो,” विहीणबाई हसल्या. “दिसत नाहीत.”

आईचा घास हातातच राहिला.

“दिवसा भागतं माझं. तिन्हीसांजा झाल्या की सगळं पुसलं जातं. तुम्हाला सांगू नका, असं मीच बजावलं होतं. आपली दुखणी विहिणीपुढे कशाला?”

त्यांचा हात पेला शोधत टेबलावरून सरकला. आईने पेला त्यांच्या बोटांपाशी लोटला. मनातला सल लगेच गेला असं नाही. उलट वाटलं, आता रागवायचीही सोय राहिली नाही.

“एक विचारू?” विहीणबाई पुढे झुकल्या. “जावईबापू बारीक झालेत का हो? लेक म्हणते, तुझं काहीतरीच. त्यांना विचारलं तर हसतात. पण हात धरतात ना, तेव्हा मनगटाचं हाड लागतं. तुम्ही चार दिवस बघताय. तुम्हीच सांगा.”

चार दिवस आईने त्याचे हातच तेवढे पाहिले होते. ते काय उचलतात, कुणापुढे ठेवतात. आता तिने कठड्याशी उभ्या मुलाकडे पाहिलं. गेल्या वर्षी तिने शिवून पाठवलेला शर्ट त्याने घातला होता. चाळीस वर्षं लोकांची मापं घेतलेली तिची नजर. तिला टेप लागली नाही.

“गळ्याशी दोन बोटं सैल झालाय शर्ट,” ती म्हणाली.

“वाटलंच मला,” विहीणबाई म्हणाल्या. “घरी आपल्याला आधी वाढतात, सगळं आवरतात, मग एकटे काय खातात कोण जाणे. म्हणून आठवड्यातून एकदा मी हट्ट धरते, चला नदीवर. इथे निदान एका टेबलाशी बसतात. पण ताट दिसत नाही हो मला त्यांचं.”

आईने मुलाच्या ताटाकडे पाहिलं. दुधावर साय धरावी तसा भाताचा वरचा थर वाळला होता. माशाला हातही लागला नव्हता.

मुलगा फोन खिशात टाकत परत आला. “निघू या का?”

“बस,” आई म्हणाली. “तुझं जेवण व्हायचंय.”

“मला फारशी भूक नाही गं.”

“बस म्हटलं ना.”

तो बसला. नदीवरून एक नाव गाणं वाजवत गेली. विहीणबाई त्याच्या बाजूला कान देऊन बसल्या होत्या. मग त्यांनी आईच्या हाताला हळूच हात लावला.

“जेवतायत?”

“जेवतोय,” आई म्हणाली.