वेळ संपल्यावरची गोळी

"हिल्मा, माझं हरीण तुझ्या कुंपणाच्या आत पडलंय गं. येऊ का?"

ऑर्विल प्लाउत्स तारेपलीकडे उभा होता. शिकाऱ्याची नारिंगी टोपी काढून हातात धरलेली. आमच्या भागात जखमी जनावर दुसऱ्याच्या रानात शिरलं, तर मालकाला विचारल्याशिवाय तार ओलांडायची नाही. रीतही तशीच आणि कायदाही तसाच. आणि कायद्याच्या बाबतीत ऑर्विलचा हात अख्ख्या तालुक्यात कोणी धरू शकत नाही.

मी नुकतीच मचाणावरून उतरले होते. बंदूक रिकामी करून खांद्याला अडकवली होती. दिवस मावळून गेला होता आणि शिकारीची वेळही संपली होती. संध्याकाळी कायद्याने ठरलेल्या मिनिटानंतर बार टाकला, जखमी जनावरावर का होईना, तर तो गुन्हा.

"जिवंत आहे?" मी विचारलं.

"कंबर मोडलीय बहुतेक."

"मोडेल नाही तर काय! असल्या उजेडात कोण बार टाकतं रे?"

"वेळेत होतो मी," तो लगेच म्हणाला.

होता की. मिनिट दोन मिनिटं उरली होती, मलाही ठाऊक होतं. पण त्याआधीच मी माझी बंदूक खाली घेतली होती, कारण नुसत्या डोळ्यांना फांदी कुठली आणि पाय कुठला ते कळेना. बंदुकीवरच्या दुर्बिणीतून सगळं लख्ख दिसतं, ती तिन्हीसांजेला भल्याभल्यांना फसवते. ऑर्विलचे डोळे तर आता म्हातारे झालेत. पण घड्याळ म्हणालं वेळ आहे, म्हणून याने घोडा दाबला.

माझा नवरा आर्ने जन्मभर लाकडाच्या गिरणीत राबला. भुशाने त्याची छाती भरली होती. मी शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांना जेवण वाढायची. आमच्या संसारात मजा म्हणून काही असेल तर नोव्हेंबरातले शिकारीचे ते नऊ दिवस. एका वर्षी आर्नेने चांगल्या उजेडात एका मोठ्या नराला गोळी घातली, पण ती जराशी मागे लागली. जनावर दलदलीत पळालं. आर्ने धापा टाकत, रक्ताचा माग काढत गेला आणि सापडलं तेव्हा ते पाय झाडत होतं. वेळ संपली होती. त्याने एका गोळीत त्याला सोडवलं.

समोरच्या टेकाडावरून ऑर्विलने बार ऐकला, घड्याळ पाहिलं आणि वॉर्डनला फोन लावला. शिकारीचे नियम पाहणारा तेव्हाचा वॉर्डन कडक होता. हरीण गेलं, आर्नेच्या बापाची बंदूक गेली आणि तीन वर्षांसाठी परवाना गेला. आर्ने काही तीन वर्षं टिकला नाही. शेवटच्या नोव्हेंबरात नाकाला नळी लावून तो पलंगावर पडून असायचा आणि रानातले बार ऐकायचा. त्याला राग नव्हता. दोघांच्या वाटचा मीच करत होते.

मातीला ऑर्विल आला तो बायकोने भाजलेलं डुकराचं मांस घेऊन. वर मला म्हणतो, "हिल्मा, नियम म्हणजे नियम. माझा सख्खा भाऊ असता तरी मी सोडलं नसतं."

ते मांस मी कुत्र्याला घातलं.

तेव्हापासून दर वर्षी मी माझं मचाण त्याच्या टेकाडाकडे तोंड करून बांधते. लोकांना सांगते, तिकडून हरणं येतात. खरं सांगू? हरणांवर माझा अर्धाच डोळा असायचा. ऑर्विलने एकदा, फक्त एकदा, वेळ संपल्यावर बार टाकावा म्हणून मी थंडीत बोटं गोठवून घेतली. पण मेला कधी चुकलाच नाही.

आणि आज तोच टोपी काढून माझ्या कुंपणाशी आला होता. मी म्हटलं, "ये की. ये ना आत."

हरीण झऱ्याच्या खोलगट भागात पडलं होतं. मादी होती, कोवळी. मागचे पाय मेलेले, पुढच्या दोन पायांवर उठायची, दोन हात सरपटायची आणि पडायची. हरीण ओरडतं हे पुष्कळांना माहीत नसतं. ते ऐकायला लागू नये कोणाला.

ऑर्विलने मनगटावर पाहिलं. "वेळ गेली."

"गेली."

"वॉर्डनला विचारतो फोनवर."

"विचार."

त्याने फोन काढला, वर धरला, इकडे तिकडे फिरवला. "रेंज नाही इथे."

"टेकाडावर जा मग. तुझ्या गुडघ्यांनी जाऊन येईस्तोवर ही ओरडत बसेल, त्याला काय!"

"सुरीने..."

"वेळेनंतर मारलं ते मारलंच ना? तूच सांग बाबा. नियमवाला तू आहेस."

हरीण पुन्हा उठायला गेलं आणि तोंडावर आपटलं.

"सकाळी उजाडल्यावर येतो," तो पुटपुटला. "तोवर थंडीनेच..."

"का लांडगेच उरकतील?"

"हिल्मा, तुला हवंय तरी काय?"

"तू गोळी घाल. माझ्यासमोर. मग मी टेकाडावर जाऊन फोन करते. तुझी बंदूक जाऊ दे, परवाना जाऊ दे, तूही पलंगावर पडून लोकांचे बार ऐक. हे हवंय मला. किती वर्षं हवंय!"

त्याने खिशातून काडतूस काढलं, बंदुकीत घातलं आणि परत बाहेर काढलं. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, नाकातूनही. "नाही गं जमत मला," तो म्हणाला. "नाही जमत."

मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? त्याला असा पिळवटताना बघत मी आणखी तासभर उभी राहिले असते. पण ती मादी आमच्या दोघांकडेही बघत नव्हती. आमच्या भांडणात तिचं काय होतं? मी माझी बंदूक खांद्यावरून उतरवली, एक गोळी भरली, जवळ गेले आणि तिच्या कानामागे झाडली.

सगळं शांत झालं.

"अगं, काय केलंस हे!" ऑर्विल म्हणाला.

"तुझं काम केलं. चल आता टेकाडावर. फोन करायचाय."

"कशाला? सोड ना. कोणी ऐकलं नाही. मी तोंडातून अवाक्षर काढणार नाही, शपथ घेतो."

"आर्नेच्या वेळी कुठे गेली होती रे तुझी शपथ?"

फोन मीच केला. तासाभराने फाटकापाशी वॉर्डनची गाडी आली. आताची वॉर्डन म्हणजे शेल्बी, तिशीतली मुलगी. मी दहा वर्षं तिला शाळेत जेवण वाढलेलं आहे. मी तिला सरळ सांगितलं, वेळ संपल्यावर गोळी घातली, मी घातली, आणि हा साक्षीदार.

तिने ऑर्विलकडे बॅटरी वळवली. "किती वाजले होते, मिस्टर प्लाउत्स?"

ऑर्विलने टोपी चुरगळली. "घड्याळ नाही बघितलं मी. उजेड होता चांगला. वेळेतच असेल."

अरे लेका! जन्मात खोटं न बोललेला माणूस माझ्यासाठी खोटं बोलत होता. माझ्यासाठी कसलं, स्वतःसाठीच. एवढं एक खोटं बोलला की आर्नेचं फिटलं, आणि हा घरी जाऊन सुखाने झोपणार. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"खोटं बोलतोय तो," मी म्हटलं. "त्याने घड्याळ बघितलं. वेळ गेली असं तोंडाने म्हणाला, आणि त्यानंतर आम्ही कितीतरी वेळ भांडत होतो. लिही."

शेल्बीने पेन खाली केलं. "मिसेस कालियो, जनावर जखमी होतं. मला सगळं समजतंय. मी फक्त ताकीद देऊन..."

"माझ्या नवऱ्याला ताकीद दिली नव्हती कोणी. लिही तू."

"तुमची बंदूक न्यावी लागेल. परवानाही जाईल. या वयात परत..."

"मी शाळेत तुला कमी वाढलं का कधी? मग तूही कमी लिहू नकोस."

"हिल्मा," ऑर्विल मध्येच म्हणाला. "पाया पडतो तुझ्या. एवढं तरी करू दे मला."

"नाही," मी म्हटलं.

मी बंदूक शेल्बीच्या हातात दिली. तिने ती गाडीत ठेवली, मग आम्ही तिघांनी मिळून हरीण चढवलं. मागचे पाय ऑर्विलने धरले होते. गाडी गेल्यावर तो काही बोलायला गेला, पण मी घराकडे वळले होते.

त्यानंतरच्या वर्षी हंगामाच्या पहिल्या सकाळी मी चुलीपाशी होते. त्या सकाळी आमच्या गावात पुरुष घरात सापडत नाही आणि बायकाही निम्म्या रानात असतात. दारावर थाप पडली. ऑर्विल होता. साधा कोट, साधी टोपी, अंगावर नारिंगी कुठेच नाही.

"तू गेला नाहीस?" मी विचारलं.

"परवानाच नाही काढला."

"कोणी अडवलं?"

"कोणी नाही." तो माझ्या खांद्यावरून आत स्वयंपाकघराकडे बघत होता. "कॉफीचा वास आला रस्त्यावर."

मी कप भरून आणला आणि त्याच्या हातात दिला. "पिऊन झालं की कप कठड्यावर ठेव," असं सांगितलं. तेवढ्यात रानात पहिला बार झाला. त्याने मान वर केली नाही, कपाभोवती दोन्ही हात धरून पायरीवरच उभा राहिला. बाहेर बर्फ पडायला लागला होता. मी दार लावून घेतलं आणि कडी घातली.