गाडीतली सिर्पा

माझा भाऊ आर्वो खाणीत फुप्फुसं घालवून घरी बसला, पण हट्ट मात्र शाबूत राहिला. रोज दुपारी तीनच्या आधी तो एकावर एक दोन कोट चढवायचा आणि अंगणातल्या पिकअपमध्ये जाऊन बसायचा. गाडी कुठे न्यायची नसायची. लायसन्स डॉक्टरांनी कधीच काढून घ्यायला लावलं होतं. पण गाडीत उपग्रहावर चालणारा रेडिओ होता, आणि त्या रेडिओवर त्याची मुलगी बोलायची.

सिर्पा अठराव्या वर्षी घर सोडून गेली असं आमच्या गावात म्हणतात. सोडून कसली जाते? यानंच पिऊन तिला भर जानेवारीच्या बर्फात बाहेर काढलं आणि आतून कडी घातली. तिची आई तेव्हा हयात नव्हती आणि मी गावात नव्हते. पुढे ती सीमा ओलांडून पार दक्षिणेत गेली. आता तिथून ट्रकवाल्यांसाठी दुपारचा कार्यक्रम करते. गाणी लावते, आणि ट्रकवाले फोन करतात त्यांच्याशी गप्पा मारते. खाणीवर माल आणणाऱ्या एका ड्रायव्हरनं आर्वोला हे सांगितलं, त्या दिवसापासून त्याची दारू सुटली आणि हा रेडिओ लागला.

पण ऐकू काय यायचं? दोन शब्द, मग शांतता, मग अर्धवट हसू, की पुन्हा शांतता.

"काय म्हणाली गं?" तो मला विचारायचा.

"मला काय विचारतोस? माझे कान काय आभाळात आहेत? फोन कर की तिला सरळ."

"करीन."

"कधी? मेल्यावर?"

"आधी एकदा तिला नीट ऐकू तर दे. आवाजावरून कळेल मला, राग गेलाय की नाही ते. गेला असला तर करीन."

आणि खोकत बसायचा. त्या हिवाळ्यात खोकला असा वाढला होता की पुढचा हिवाळा तो बघणार नाही, हे त्यालाही कळत होतं आणि मलाही.

शेवटी मीच वैतागून गाडीच्या सीटखालचं रेडिओचं माहितीपत्रक शोधून वाचलं, आणि कपाळावर हात मारला. आमच्याकडे थंडीत गाडीचं इंजिन गोठू नये म्हणून त्याचा हीटर विजेवर लावून ठेवतात, आणि प्लग असतो घराच्या भिंतीत. म्हणून गावातली प्रत्येक गाडी हिवाळाभर घराच्या भिंतीला नाक लावून उभी. आमच्या इतक्या उत्तरेकडून उपग्रह दिसायचा तो दक्षिणेला, आणि आर्वोच्या गाडीच्या दक्षिणेला त्याचंच दुमजली घर! वर या शहाण्यानं, जंगलात फांद्यांनी तुटेल म्हणून, अँटेना टपावर न लावता आत काचेखाली ठेवलेली.

"म्हणजे इतके दिवस तू घराच्या पाठीमागे उभा राहून आभाळ बघत होतास," मी म्हणाले.

"वटवट नको. वायर आण."

मी हीटरला लांब वायर जोडली आणि गाडी सौनाच्या, आमच्या वाफेच्या न्हाणीघराच्या, पलीकडे, तळ्याकाठच्या मोकळ्यावर नेऊन लावली. टपावरचा बर्फ झाडला, वरच्या दिव्यांच्या पट्टीपासून दूर, अगदी मधोमध अँटेना चिकटवली. तिची तार मागच्या काचेच्या रबराखालून आत घेतली. आर्वो आत बसून हुकूम सोडत होता, "डावीकडे! अगं, माझ्या डावीकडे!"

तीन वाजले. सिर्पाचा आवाज आला तो असा, की जणू ती मागच्या सीटवर बसली आहे. तिचा श्वाससुद्धा ऐकू येत होता. आर्वोनं टोपी काढली. का काढली कोण जाणे.

एका ट्रकवाल्याचा फोन होता. त्याचे वडील नुकतेच वारले होते, बिचाऱ्याला धड बोलता येत नव्हतं. सिर्पानं त्याला रडू दिलं. मग म्हणाली, "माझेही वडील नाहीत. मी लहान होते तेव्हाच खाणीत गेले. थंडीत मला खांद्यावर बसवून तळ्यावर न्यायचे, बर्फाला भोक पाडून मासे धरायला. माझे हात गारठले की स्वतःच्या कोटात घेऊन बसायचे. कधी माझ्यावर आवाज चढवला नाही त्यांनी. असे वडील मिळाले ना, की ते गेल्यावरही माणूस पोरका होत नाही."

एक शब्द तुटला नाही. एकदा तरी तुटायचा होता!

मी रेडिओ बंद करायला हात घातला, तर आर्वोनं माझं मनगट धरलं. "राहू दे."

"खोटारडी कुठली! आत्ताच्या आत्ता फोन करते मी तिला."

"आणि काय सांगशील?"

"तू जिवंत आहेस म्हणून!"

त्यानं गोठलेल्या तळ्याकडे बोट केलं. गाणं सुरू झालं होतं. "मी तिला एकदासुद्धा खांद्यावर घेतलं नाही, हिल्का. मासे धरायला जायचो ते दोस्तांबरोबर, बाटल्या घेऊन."

"ठाऊक आहे मला."

"ती यायची मागे मागे. मी हाकलायचो." त्याला खोकल्याची उबळ आली, ती ओसरेपर्यंत मी त्याची पाठ चोळली. "चांगला बाप घडवलाय तिनं. किती दिवस लागले असतील तिला. मी फोन केला तर तो मरेल, आणि पोरीच्या वाट्याला पुन्हा मी येईन."

मला रडू फुटलं. रागही तितकाच आला होता, पण कुणावर काढायचा ते कळेना.

त्यानं फोन केला नाही. रोज तीन वाजता मात्र गाडीत जाऊन बसायचा. शेवटी पाय चालेनात तेव्हा मी त्याला स्लेजवर बसवून ओढत न्यायचे.

तळ्यावरचा बर्फ फुटायच्या आत आर्वो गेला. अंत्यविधीच्या आदल्या दिवशी मी सिर्पाचा नंबर मिळवला आणि फोन हातात घेऊन स्वयंपाकघरात उभी राहिले. उभीच राहिले. तिला सांगणार काय होते मी? तिचा बाप गेला, हे तिला माझ्या कितीतरी आधीपासून ठाऊक होतं.